सीपॅपची टाकी धुऊनही पुन्हा वास येतो, पुन्हा बुळबुळीत होते: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

सीपॅप किंवा बायपॅप, म्हणजे झोपेत श्वासाची वाट उघडी राहावी म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, वापरणाऱ्यांच्या घरून येणाऱ्या तक्रारींमध्ये सगळ्यात चिवट तक्रार ही असते: रविवारी ह्युमिडिफायरची, म्हणजे हवेला ओलावा देणारी, पाण्याची टाकी साबणाने घासून धुतली आणि गुरुवारी बोट फिरवलं तर तळ पुन्हा बुळबुळीत. मास्क चढवला की पहिले काही श्वास कुबट वासाचे. पुन्हा धुवा, पुन्हा तेच.

मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करते. झोपेची तपासणी झाल्यावर मशीन लावून देणं आणि नंतर घरी जाऊन ते नीट चाललंय का ते बघणं, हे माझं काम. ही तक्रार करणारी माणसं निष्काळजी असतात असं मुळीच नाही. उलट तीच जास्त घासतात. कुणी उकळतं पाणी ओततं, कुणी डेटॉल टाकतं, कुणी टाकी दिवसभर गच्चीत उन्हात ठेवतं. सगळा जोर जंतू मारण्यावर जातो. धुतल्यानंतर टाकी, नळी आणि मास्क कोरडे होतात का, आणि धुतलेल्या टाकीत जंतू परत कुठून येतात, हे दोन प्रश्न विचारलेच जात नाहीत. थर पुन्हा पुन्हा धरतो तो त्यामुळे.

आत काय घडतं

टाकीच्या तळाशी धातूची पट्टी असते, तिच्याखाली मशीनची गरम होणारी प्लेट. पाणी कोमट होतं, त्याच्यावरून हवा जाते आणि जाताना वाफ घेऊन जाते. पाणी उकळत नाही, त्यामुळे जंतू मरायचा प्रश्नच नाही. रात्रभर कोमट आणि दिवसभर आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे पंचवीस ते पस्तीस अंशांना उभं राहिलेलं पाणी जंतूंना अगदी मानवतं. खायला काय मिळतं? फिल्टरमधून आलेली बारीक धूळ, मास्कवरचा चेहऱ्याचा तेलकटपणा, नाकातला ओलावा आणि नीट न खळबळलेल्या साबणाचा उरलेला अंश.

जंतू नुसते पाण्यात तरंगत राहिले असते तर पाणी ओतून काम भागलं असतं. ते पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. पाण्याचा माठ बरेच दिवस घासला नाही की आतून जसा निसरडा लागतो, तोच प्रकार. हे आवरण आतल्या जंतूंचं साबणापासून आणि औषधापासून बऱ्यापैकी रक्षण करतं, म्हणून नुसतं भिजवून ते जात नाही. हाताने चोळावंच लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण घाबरून मशीन कपाटात टाकणारे लोक मी पाहिले आहेत. सीपॅपच्या टाकीतून वाफ जाते, पाण्याचे तुषार जात नाहीत. जंतू वाफेबरोबर सहज उडत नाहीत. खोलीत ठेवायचे थंड धुकं सोडणारे अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर वेगळे. ते पाण्याचे बारीक थेंबच हवेत फेकतात आणि पाण्यात जे असेल ते सगळं फेकतात. २००८ साली सायप्रसमधल्या एका रुग्णालयात नवजात बाळांना लीजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचा संसर्ग झाला, तो नळाचं पाणी भरलेल्या अशाच ह्युमिडिफायरमुळे. सीपॅपमध्ये धोका तेव्हा वाढतो, जेव्हा पाणी थेंबांच्या रूपात नळीत पोचतं: टाकी कलंडली, काठोकाठ भरली किंवा नळीत वाफेचं पाणी साचून ते मास्ककडे वाहिलं तर. म्हणून टाकी स्वच्छ ठेवायची, पण तिच्या भीतीने उपचार सोडायचा नाही. उपचार न केलेला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार, रक्तदाब वाढवतो आणि गाडी चालवताना डुलकी आणतो. ते नुकसान जास्त खात्रीचं आहे.

थराचा रंग काय सांगतो

पांढरा, खरखरीत, नखाला लागणारा थर म्हणजे क्षार. हे जंतू नव्हेत, पण या खरखरीत जागेत जंतूंना धरायला आधार मिळतो. एक हिशोब करून बघा. पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि रात्रीत ३०० मिलिलिटर पाणी उडालं, तर सुमारे ९० मिलिग्रॅम क्षार टाकीतच राहतात. महिन्याचे झाले २.७ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चमचा. सोलापूर, लातूर, संभाजीनगरकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या टाक्या बघताक्षणी ओळखू येतात. मुंबईचं तलावांमधलं पाणी त्यामानाने मऊ, त्यामुळे पांढरा थर फारसा धरत नाही. तिथे उलटी फसगत होते: काही दिसत नाही म्हणजे टाकी स्वच्छ, असं लोक धरून चालतात.

रंग नसलेला बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्म. गुलाबी किंवा नारिंगी झाक असेल तर बहुतेक वेळा सेराशिया नावाचा जिवाणू असतो. न्हाणीघरात फरशीच्या सांध्यांवर जो गुलाबी थर धरतो तो याच जातीचा. हिरवट रंग शेवाळाचा; टाकी खिडकीशी उजेडात असेल तर हा येतो. काळे ठिपके बुरशीचे. सिलिकॉनच्या सीलमध्ये मुरलेले काळे ठिपके घासून जात नाहीत. त्यावर वेळ घालवू नका, सील किंवा टाकी बदला.

आणि वास येतोय पण थर कुठेच नाही, असं असेल तर टाकीला दोष देण्याआधी फिल्टर काढून बघा. खोलीत उदबत्ती, धूप, कापूर किंवा डासांची कॉइल लागत असेल तर मशीन तो धूर रात्रभर ओढत असतं.

दोष कुठे आहे: क्रमाने शोधा

सगळं एकदम बदललं तर नेमकं काय चुकत होतं ते कधीच कळत नाही. मी हा क्रम सांगते.

पहिल्यांदा टाकी रिकामी करून, पुसून, ह्युमिडिटी (ओलाव्याची सेटिंग) बंद करून तीन रात्री मशीन पाण्याशिवाय वापरा. मशीन पाण्याशिवाय व्यवस्थित चालतं. ह्युमिडिफायर नाकाच्या सोयीसाठी आहे, दाब देण्याचं काम त्याच्यावाचून होतं. नाक थोडं कोरडं पडेल. मात्र घशाला छिद्र करून त्यातून मशीन लावलेलं असेल, नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा डॉक्टरांनी ओलावा सक्तीचा सांगितला असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय हे करू नका.

पाण्याशिवायही वास येत राहिला तर दोष टाकीतल्या पाण्यात नाही. मग नळी काढा, मशीन सुरू करून हवा बाहेर येते त्या तोंडाशी वास घ्या. तिथेच वास असेल तर फिल्टर बदलून पुन्हा घ्या. नव्या फिल्टरनंतरही राहिला तर मशीनच्या आत काहीतरी आहे, बहुधा कधीतरी पाणी आत गेलेलं आहे, आणि ते घरी उघडायचं काम नव्हे. मशीन जिथून घेतलं तिथे न्या. मशीनच्या तोंडाशी वास नाही पण नळी जोडल्यावर येतो, तर नळी. नळीतही नाही तर मास्क, आणि मास्कमध्ये विशेषतः गादी (चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) आणि डोक्याचा पट्टा. पट्ट्याला घामाचा वास येतो आणि तो नाकाजवळच असतो. कित्येकदा अख्ख्या मशीनचं धुणं होतं आणि पट्टा तेवढा राहून जातो.

पाण्याशिवाय वास पूर्ण गेला तर दोष टाकीत किंवा पाण्यात. मग टाकी खालच्या पद्धतीने मुळापासून धुऊन, केमिस्टकडे मिळणाऱ्या निर्जंतुक पाण्याच्या बंद बाटलीतलं पाणी चार-पाच रात्री वापरा. थर धरला नाही, तर तुमचं नेहमीचं पाणी किंवा ते साठवायची पद्धत चुकत होती. तरीही धरला, तर टाकीत कुठेतरी अशी फट आहे जिथे तुमचा हात पोचत नाही.

नेहमी सुटणाऱ्या जागा

सगळ्यात आधी सील. टाकीचे दोन भाग जिथे जुळतात किंवा टाकी मशीनला टेकते तिथे सिलिकॉनची पांढरी किंवा करडी कड असते. बऱ्याच टाक्यांमध्ये ती निघते, पण काढायची असते हे कुणी सांगितलेलं नसतं. ठाण्यातल्या एका काकांच्या घरी टाकी इतकी लख्ख होती की मला तिच्यात दोष दाखवायलाही संकोच वाटावा. त्यांनी विचारलं, "ताई, अजून काय करू?" मी नखाने सीलची कड उचलली. खालच्या खाचेत चहाच्या गाळासारखी तपकिरी रेघ पूर्ण गोल फिरलेली होती. बोटाला लागली तेव्हा काकांना पहिल्यांदा तो वास ओळखता आला, जो ते रोज रात्री घेत होते. टाकी तीन दिवसांत का बिघडते ते तिथेच कळलं. दर आठवड्याला सगळं धुतलं जायचं, खाच सोडून.

दुसरी जागा टाकीत नसतेच, सिंकमध्ये असते. भांड्यांची घासणी. खरकटं, तेल आणि ओलावा यांत ती दिवसभर पडलेली असते, आणि त्याच घासणीने आपण टाकी "स्वच्छ" करतो. जंतू काढून पुन्हा जंतू लावायचा हा प्रकार आहे. शिवाय तारेची घासणी, काथ्या, हिरवी खरखरीत घासणी यांनी प्लास्टिकवर चरे पडतात आणि प्रत्येक चऱ्यात पुढचा थर आधार धरतो. मऊ दातांचा एक टूथब्रश फक्त या कामासाठी ठेवा. तो वापरून झाल्यावर उभा ठेवून कोरडा होऊ द्या आणि महिन्या-दीड महिन्याने बदला.

तिसरी जागा पाण्याची बाटली. पाच लिटरचा कॅन आणून त्यात रोज पेला बुडवणं, किंवा जुन्या शीतपेयाच्या बाटलीत पाणी भरून ठेवणं आणि बाटली संपत आली की त्यातच वरून भरणं. त्या बाटलीच्या आतही थर धरतो. टाकी कितीही धुवा, रात्री तुम्ही तिच्यात तोच थर ओतता.

मग नळी. खोलीत एसी असेल तर नळीतली गरम ओलसर हवा गार पडते आणि आत पाणी सुटतं. मास्कमध्ये गुडगुड आवाज येतो, कधी नाकावर थेंब पडतो. हे पाणी सकाळी नळीच्या झोळात साचून राहतं. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवलं तर हे पाणी मास्ककडे न येता टाकीकडे परत जातं. नळी चादरीखालून घ्या किंवा तिला कापडी खोळ घाला, ह्युमिडिटी एक-दोन अंकांनी कमी करा, एसीचा थेट झोत नळीवर येऊ देऊ नका. गरम होणारी नळी मिळते. ज्यांना रोज हा त्रास होतो त्यांनी ती घ्यावी असं माझं मत आहे, पैसे वसूल होतात.

कोणतं पाणी

यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक कंपन्या डिस्टिल्ड पाणी सांगतात. कारण क्षार. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुकच असं नव्हे. त्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे बाटली उघडल्यावर आत गेलेल्या जंतूला रोखणारंही काही नसतं. लहान बाटल्या घ्या, झाकण लगेच लावा, बाटलीचं तोंड टाकीला किंवा हाताला लावू नका आणि उघडलेली बाटली आठवडाभरात संपवा.

आरओचं पाणी क्षारांच्या बाबतीत चांगलं, जंतूंच्या बाबतीत जपून. आरओच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो, तो नगरपालिकेने घातलेलं क्लोरीन काढून टाकतो. मग ते पाणी मशीनच्या साठवण टाकीत तासन् तास उभं राहतं. ती साठवण टाकी आतून धुतलेली घरं फार थोडी. आरओचंच पाणी वापरायचं असेल तर ते एक मिनिट खळखळ उकळून, झाकून गार करून रोज ताजं घ्या. उकळण्याने जंतू मरतात. क्षार मात्र जिथल्या तिथे राहतात, म्हणून बोअरचं पाणी कितीही उकळलं तरी पांढरा थर धरणारच. महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरतं, कळसूबाईचं शिखरसुद्धा १,६४६ मीटरच आहे. २,००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून केदारनाथसारख्या यात्रेत मशीन बरोबर नेलंत तर तीन मिनिटं उकळा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी घरात असतंच, आणि त्याच्यावर "डिस्टिल्ड" असंही लिहिलेलं असतं. ते बॅटरीसाठी बनवलेलं आहे. अनेकदा ते ऊर्ध्वपातन न करता रेझिनमधून (क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून) नुसते क्षार काढलेलं पाणी असतं. कॅन कसा भरला, कशातून भरला याची श्वासाच्या दृष्टीने कुणी काळजी घेतलेली नसते. मी ते वापरू देत नाही.

प्रवासात एखाद-दोन रात्री बाटलीबंद पिण्याचं पाणी चालेल. त्यात क्षार असतात, रोजचं म्हणून ते नको.

ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, म्हणजे केमोथेरपी सुरू आहे, अवयव बसवलेला आहे, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू आहेत किंवा फुप्फुसांचा जुना आजार आहे, त्यांनी डिस्टिल्ड पाणीसुद्धा उकळून गार केलेलं किंवा केमिस्टकडचं निर्जंतुक पाणीच घ्यावं. इथे पैसे वाचवू नका.

एकदा मुळापासून

थर वारंवार धरत असेल तर सुट्टीच्या दिवशी सगळं एकाच दिवशी करा: टाकी, सील, नळी, मास्क, पट्टा, फिल्टर, पाण्याची बाटली, ब्रश. आज टाकी आणि पुढच्या रविवारी नळी असं केलं तर न धुतलेला भाग धुतलेल्याला परत लागण देतो.

मशीनचा प्लग आधी काढा आणि पट्टी गार होऊ द्या. टाकी उघडून सील वेगळं करा. कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य, शक्यतो बिनवासाच्या द्रव साबणाचे काही थेंब घाला. जास्त घातलात तर खळबळून काढायलाच त्रास. दहा-पंधरा मिनिटं भिजवा, मग ब्रशने प्रत्येक कोपरा चोळा. सीलची खाच, हवा आत येण्याचं तोंड, बिजागरी. बोट फिरवून बघा. ओल्या प्लास्टिकवर बोट कुरकुरलं पाहिजे, घसरलं तर थर अजून आहे.

क्षार असतील तर नंतर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग पाणी यात अर्धा तास. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर चालतं. रात्रभर भिजवून ठेवू नका, धातूच्या पट्टीला ते मानवत नाही. लिंबू पिळून घासायची पद्धत घराघरांत आहे, पण लिंबाचा गर आणि साखर फटीत राहते, म्हणून व्हिनेगरच बरं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

नळीत साबणाचं पाणी भरून दोन्ही टोकं हाताने बंद करून हलवा, ओता, मग वाहत्या पाण्याने साबणाचा फेस आणि वास जाईपर्यंत खळबळा. गरम होणाऱ्या नळीच्या टोकाला विजेची जोडणी असते, ती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय मशीनला लावायची नाही. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने करा. फिल्टर पातळ पांढरा, वापरून टाकायचा असेल तर धुऊ नका, नवा घाला. पाण्याची जुनी बाटली फेका.

आणि मग कोरडं होऊ द्या. सगळे भाग स्वच्छ सुती कापडावर पालथे घालून सावलीत, पंख्याखाली, एक अख्खा दिवस. त्या रात्री मशीन लागणारच, तर मास्क आणि नळी सकाळी लवकर धुवा म्हणजे रात्रीपर्यंत वाळतील, आणि टाकी पाण्याशिवाय लावा.

प्लास्टिक धुरकट झालं असेल, तडा गेला असेल किंवा धातूच्या पट्टीवर खड्डे पडले असतील तर धुण्यात अर्थ नाही, टाकी बदला. साधारण सहा महिन्यांनी टाकी आणि नळी तपासायची सवय ठेवा.

त्यानंतर रोज

सकाळी उठल्यावर उरलेलं पाणी ओता. सगळं. टाकीत निम्मं पाणी शिल्लक आहे म्हणून रात्री त्यातच वरून भरायचं, ही एकच सवय सोडली तरी बऱ्याच घरांतली तक्रार संपते. टाकी खळबळा, धुतलेल्या सुती फडक्याने किंवा कागदी रुमालाने पुसा आणि उघडी पालथी घाला. लव सुटणारा टॉवेल नको. मास्कची गादी रोज ओल्या फडक्याने पुसा. नळी दोन्ही टोकं खाली लोंबतील अशी दांडीवर टाका, पण न्हाणीघरातल्या दांडीवर नाही; तिथली हवाच ओली. आठवड्यातून एकदा साबणाने चोळून धुणं पुरतं. सर्दी-खोकला झाला असेल तेव्हा मात्र बरं होईपर्यंत रोज.

पावसाळा हा खरा कसोटीचा काळ. कोकणात आणि मुंबईत जुलैत कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे वळ्यावळ्यांची नळी आतून कशी वाळणार? टाकी रिकामी करून, ह्युमिडिटी बंद ठेवून, मास्क काढून मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा. मोटरमुळे हवा किंचित गरम झालेली असते, ती नळी वाळवते. मास्क काढल्यावर मशीन आपोआप बंद होत असेल तर मेनूमधला तो पर्याय तेवढ्यापुरता बंद करा. एसी असेल त्या खोलीत नळी टांगली तर लवकर वाळते. दोन टाक्या ठेवल्या तर आणखी सोपं: एक वापरात, एक वाळत. आणि त्या दिवसांत हवाच इतकी दमट असते की अनेकांना ह्युमिडिटी अगदी कमी किंवा बंद ठेवूनही त्रास होत नाही. करून बघायला हरकत नाही. याउलट नागपूर, अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकी रात्रीत जवळपास संपते. तिथे पाणी जास्त उडतं, म्हणून क्षारही जास्त साचतात. व्हिनेगर महिन्याऐवजी दर आठवड्याला लागू शकतं.

मशीन उचलून नेताना टाकी आधी बाहेर काढा. गावाला जाताना पिशवीत पाण्यासकट ठेवलेलं मशीन उलटं होतं, पाणी मोटरमध्ये जातं, आणि नंतर येणारा वास कुठल्याही धुण्याने जात नाही.

काय वापरू नये

डेटॉल, फिनेल, ब्लीच, स्पिरिट, सॅनिटायझर, निलगिरीचं तेल, कापूर, बाम. यातलं काहीही टाकीत टाकायचं नाही. प्लास्टिकमध्ये ते मुरतं आणि मग सात-आठ तास तुम्ही ते श्वासात घेता. सर्दी झाली की टाकीत निलगिरीचे दोन थेंब टाकायचा मोह होतो, तो आवरा. वाफ घ्यायची तर वेगळ्या भांड्यातून घ्या. प्रेशर कुकरमध्ये किंवा बाळाच्या बाटल्यांच्या स्टरलायझरमध्ये टाकी घातली तर ती वाकते आणि मग सील बसत नाही. कडक उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं.

ओझोन किंवा अतिनील किरणांनी सीपॅप साफ करणारी उपकरणं ऑनलाइन मिळतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की सीपॅपसाठी विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांना त्यांनी तोपर्यंत कायदेशीर मंजुरी दिलेली नव्हती. ओझोन नळीत राहिला तर फुप्फुसांना त्रास देतो, विशेषतः दम्याच्या रुग्णांना. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणारा आतला फोम झिजून तुटत असल्यामुळे आपली बरीच मशीनं परत मागवली. ओझोनने आणि उष्ण-दमट हवेने हा फोम जास्त लवकर खराब होऊ शकतो, असं कंपनीने तेव्हा म्हटलं होतं. तुमचं मशीन फिलिप्सचं आणि त्याच्या आधीचं असेल आणि मास्कमध्ये किंवा नळीत काळे कण दिसत असतील, तर ते धुण्याचं प्रकरण नाही. मॉडेल आणि अनुक्रमांक घेऊन डॉक्टरांशी आणि विक्रेत्याशी बोला. डॉक्टरांना न विचारता मशीन बंद मात्र करू नका.

डॉक्टरांकडे कधी

टाकीत थर दिसला म्हणून लगेच दवाखाना गाठायची गरज नसते. पण ताप, वाढता खोकला, पिवळा-हिरवा कफ, छातीत दुखणं, दम लागणं किंवा सायनसचं दुखणं वारंवार उलटणं यातलं काही असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि आपण होऊन सांगा की मी ह्युमिडिफायर असलेलं मशीन वापरतो, पाणी अमुक घालतो, थराचा रंग अमुक होता. टाकी धुण्याआधी मोबाइलवर तिचा आणि सीलच्या खाचेचा उजेडात फोटो काढून ठेवा. जळका वास येत असेल तर गोष्ट वेगळी: प्लग काढा आणि तपासून मिळेपर्यंत ते मशीन लावू नका. अशा वेळी तात्पुरतं दुसरं मशीन मिळतं का ते विक्रेत्याला किंवा लॅबला त्याच दिवशी विचारा.